काचेतली तरंगलांबी

शाळेत मुलं तिच्या पाठीमागे तिला एककबाई म्हणत. गणिताचं उत्तर बरोबर आलं, पण त्यापुढे ज्यूल किंवा मीटर काहीच लिहिलं नसलं, की ती अर्धा गुण कापायची आणि समासात लाल शाईनं लिहायची, ‘पाच काय? पाच बटाटे?’ भौतिकशास्त्र शिकवता शिकवता केस पिकायला लागले, तरी तिची ही सवय गेली नाही. मुलं हसायची, चरफडायची, आणि पुढच्या वेळी निमूटपणे एकक लिहायची.

घरात तिघं. ती, तिचा नवरा आणि पुतणी. नवरा लिफ्टदुरुस्तीच्या कामावर होता. दिवसभर लोकांच्या इमारतींत वरखाली करून संध्याकाळी घरी आला, की स्वतःच्या दुसऱ्या मजल्याचे जिने चढताना कुरकुरायचा. दोघांना मूल झालं नाही. धाकट्या दिराची मुलगी मात्र अकरावीला त्यांच्याकडे आली आणि घराची होऊन गेली. दिराच्या गावात विज्ञानाचं धड कॉलेज नव्हतं, म्हणून आली होती. एका जागी बसणं तिला ठाऊक नसल्यामुळे लहानपणापासून सगळे तिला भिंगरी म्हणत. काकाच्या हत्यारांच्या पेटीशी तिची लहानपणापासून गट्टी. तिला विमानं दुरुस्त करायला शिकायचं होतं. तसं कॉलेज एकच, जागा मोजक्या, आणि प्रवेश फक्त भौतिकशास्त्र नि गणिताच्या गुणांवर.

बारावीचा भौतिकशास्त्राचा पेपर झाला त्या दुपारी भिंगरी दारातूनच ओरडत आली.

“काकू, फोटॉनचं गणित आलं होतं! चारशे नॅनोमीटर. तीन पॉइंट एक इलेक्ट्रॉन व्होल्ट. बरोबर ना?”

एककबाई गॅसवरून दूध उतरवत होती. उतू जाणाऱ्या दुधावर डोळा ठेवून तिनं मनात भागाकार केला. बाराशे चाळीस भागिले चारशे. “बरोबर,” ती म्हणाली. “एकक लिहिलंस ना?”

“लिहिलं गं! बटाटे नाही लिहिले.”

त्या परीक्षेत प्रश्नपत्रिका उत्तरपत्रिकेबरोबरच परत घ्यायचे. त्यामुळे प्रश्नाची मूळ वाक्यं घरात कोणी पाहिलीच नाहीत. विषय तिथेच संपला.

पुढच्या आठवड्यात एककबाईला पेपर तपासायला बोलावणं आलं. एका कॉलेजच्या व्यायामशाळेत लांबलचक टेबलं मांडली होती. दाराशी मोबाइल काढून घ्यायचे, आत लाल पेनं द्यायचे. उत्तरपत्रिकांवर नावं नव्हती, बैठक क्रमांक झाकलेले होते. पहिल्या सकाळी मुख्य परीक्षकांनी सगळ्यांना उभं करून विचारलं, “कोणाचा मुलगा किंवा मुलगी यंदा परीक्षेला बसलीय? असेल तर आत्ताच सांगा.” दोघांनी हात वर केले आणि ते घरी गेले. एककबाईचा हात थोडा हलला. मग तिच्या मनात आलं, विचारलंय मुलगा-मुलगी, आणि माझी तर पुतणी आहे. तिनं हात खाली ठेवला.

मुख्य परीक्षक तिच्या ओळखीचे होते. ती नोकरीला लागली तेव्हा प्रयोगशाळा कशी लावायची हे त्यांनीच तिला शिकवलं होतं. आता निवृत्तीला आले होते, दिसायला थकले होते, पण आवाज अजून वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा. उत्तरसूची त्यांनीच तयार केली होती. तिची एकेक छापील प्रत प्रत्येकासमोर होती.

एककबाईच्या शेजारी एक तरुण सर बसायचे. ते इतक्या झपाट्यानं गठ्ठे संपवायचे की सगळे त्यांना एक्स्प्रेस म्हणत. त्यांची गाडी मधल्या स्टेशनांवर थांबत नसे.

तिसऱ्या दिवशी सकाळचा पहिला गठ्ठाही सरळ गेला. दुसऱ्या गठ्ठ्यातल्या एका उत्तरपत्रिकेत फोटॉनच्या गणितापुढे उत्तर होतं, दोन पॉइंट शून्य सात. सूचीत होतं, तीन पॉइंट एक. एककबाईनं शून्य द्यायला पेन टेकवलं आणि सवयीनं मुलानं कुठे चूक केली ते बघायला लागली. चूक सापडेना. मुलानं आधी काचेतला प्रकाशाचा वेग काढला होता, त्यावरून वारंवारता, आणि मग एच न्यू, म्हणजे वारंवारतेवरून ऊर्जा. एकेक पायरी स्वच्छ.

तिनं प्रश्नपत्रिका ओढली. पहिल्यांदाच प्रश्न नीट वाचला.

‘एका काचेचा अपवर्तनांक दीड आहे. या काचेत एका प्रकाशाची तरंगलांबी चारशे नॅनोमीटर आहे. फोटॉनची ऊर्जा काढा.’

काचेत.

प्रकाश काचेत शिरला की मंदावतो आणि त्याच्या लाटा आखडतात. काचेत ज्याची लांबी चारशे, त्याची मोकळ्यावर सहाशे असते. वर्गात ती रांगेचं उदाहरण द्यायची : मोठ्या रस्त्यावरनं येणारी रांग चिंचोळ्या बोळात शिरली की माणसं एकमेकांना खेटतात, पण मिनिटाला जितकी आत जातात तितकीच बाहेर पडतात. अंतर बदलतं, मिनिटाचा हिशेब बदलत नाही. फोटॉनची ऊर्जा त्या हिशेबावर, म्हणजे वारंवारतेवर ठरते. एच सी भागिले लॅम्डा हे सूत्र खरं, पण लॅम्डा, म्हणजे तरंगलांबी, मोकळ्यावरची असेल तरच. काचेतला लॅम्डा त्यात थेट घातला की उत्तर दीडपट फुगतं. दोन पॉइंट शून्य सातचं तीन पॉइंट एक होतं.

म्हणजे सूची चुकली होती. आणि भिंगरीही चुकली होती. आणि दुधाकडे बघता बघता ‘बरोबर’ म्हणणारी तीसुद्धा.

तिनं तो गठ्ठा पुन्हा पहिल्यापासून चाळला. बहुतेकांनी तीन पॉइंट एकच लिहिलं होतं. दोन पॉइंट शून्य सातवाली अगदी थोडी होती. बरोबर असणाऱ्यांना शून्य आणि चुकलेल्यांना तीन गुण वाटायला तिला इथं बसवलं होतं.

“काय झालं मॅडम? गाडी सिग्नलला अडकली?” एक्स्प्रेसनी विचारलं.

तिनं प्रश्न त्यांच्यापुढे सरकवला आणि ‘काचेत’ या शब्दावर बोट ठेवलं. त्यांनी वाचलं. दोनदा वाचलं. मग आवाज खाली आणून म्हणाले, “मॅडम, आपल्याला किल्ली दिलीय. कुलूप कोणाचं, हे बघायचं काम आपलं नाही. माझे आठ गठ्ठे झालेत. हे उकरून काढलंत तर सगळा हॉल तुमच्या नावानं बोटं मोडेल.”

“आणि ही मुलं?”

“थोडीच आहेत.”

“थोडी आहेत म्हणून चालेल?”

एक्स्प्रेसनी पुढची उत्तरपत्रिका उघडलीच नाही.

मधल्या सुट्टीत ती हात धुवायला म्हणून गेली आणि नळ उघडा ठेवून नुसती उभी राहिली. गप्प बसावं, एवढंच तर करायचं होतं. काही खोटं करायचं नव्हतं, कोणाचं काही चोरायचं नव्हतं. छापील कागदाप्रमाणे गुण द्यायचे. भिंगरीचे तीन गुण तिच्या पदरात पडले असते आणि कोणाला पत्ताही लागला नसता. विमानांच्या कॉलेजात एकेका गुणावर मुलं अडतात, हे भिंगरीनं तिला वर्षभर रोज ऐकवलं होतं. आणि ती मुलं, ज्यांनी प्रश्न नीट वाचला होता? ती कोण, कुठली, कोणाच्या घरातली, तिला काहीच माहीत नव्हतं. तिनं त्यांचं फक्त अक्षर पाहिलं होतं.

नळ बंद करून ती सरळ मुख्य परीक्षकांच्या टेबलाकडे गेली.

“सर, फोटॉनच्या गणितात आपलं सूत्र चुकलंय.”

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. “कोणतं?”

“लॅम्डा काचेतला आहे. एच सी बाय लॅम्डात तो थेट घालता येत नाही. एच न्यू घ्यायला हवं.”

सरांनी प्रश्न वाचला. पेन्सिल घेतली, दोन ओळी खरडल्या, थांबले. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झालेल्या तिला दिसल्या. त्यांना कळलं होतं. पण मान वर करून ते म्हणाले, “अर्ध्याहून जास्त पेपर तपासून झालेत, बाई.”

“हो सर.”

“पुढच्या आठवड्यात निकाल जुळवायचा आहे. या लोकांना मी काय सांगू? सगळं परत उघडा म्हणून?” ते थोडा वेळ पेन्सिल फिरवत राहिले. “असं करू. दोन्ही उत्तरांना गुण देऊ. एच न्यूवाल्यांचं नुकसान नको, बाकीच्यांचंही नको. ज्यांना शून्य पडलंय, तेवढेच पेपर काढू. काय म्हणता?”

एककबाईच्या अंगावरून गार वारा गेल्यासारखं झालं. हेच तर हवं होतं! बरोबर मुलांना न्याय, भिंगरीला तीन गुण, सरांची अब्रू शाबूत. साप मरेल, काठीही मोडणार नाही. फक्त मान हलवायची होती.

सर वाट बघत राहिले.

“नाही सर,” ती शेवटी म्हणाली. “प्रश्नात ‘काचेत’ लिहिलंय, अपवर्तनांकही दिलाय. तो वाचून योग्य सूत्र निवडायचं, हाच तर प्रश्न आहे. दोघांना सारखे गुण दिले तर ज्यानं वाचलं त्याला आपण काय दिलं? जागा मोजक्या असतात सर. एकाला फुकट वर ढकललं की दुसरा खाली जातोच.”

सर खुर्चीत मागे रेलले. आता त्यांच्या आवाजात धार आली. “एवढा आग्रह? तुमच्या घरचं कोणी बसलंय का यंदा?”

“पुतणी. आमच्याकडेच राहते.”

“असं!” सरांनी पेन्सिल खाली ठेवली. आजूबाजूच्या दोन-तीन माना वर झाल्या. “आणि तिनं एच न्यू वापरलंय, असंच ना?”

“नाही सर. तिनं तीन पॉइंट एक लिहिलंय.”

सर तिच्याकडे बघतच राहिले. मग उठले, टेबलावरचा फोन ओढला आणि परीक्षा मंडळाच्या विषयतज्ज्ञ बाईंना लावला.

फोनवर बराच वेळ गेला. तिकडच्या बाईंनी फोनवर एककबाईलाच बोलवायला सांगितलं आणि उलटतपासणी घेतल्यासारखे प्रश्न विचारले. काचेतच ऊर्जा काढायची म्हटली तर काचेतलीच लांबी का नको? फोटॉन काचेत गेला की त्याची ऊर्जा बदलते का? वेगही काचेतलाच घेतला तर? एककबाई उभ्या उभ्या उत्तरं देत होती. “ऊर्जा बदलत नाही, बाई. वेगही काचेतला घेतलात तर मग उत्तर बरोबर येतं, दोन पॉइंट शून्य सात. वेग बाहेरचा आणि लांबी आतली, ही खिचडी तेवढी चालत नाही.” हॉलमध्ये पेनांची कुरकुर थांबली होती.

तिकडून ‘थांबा’ आलं. फोन ठेवला गेला. सर आणि ती समोरासमोर बसले. पुन्हा घंटा वाजली तेव्हा सरांनी फक्त “हो... हो... समजलं,” एवढंच म्हटलं.

मग ते हॉलच्या मध्ये जाऊन उभे राहिले. “सूचीत चूक आहे. ती माझी आहे. फोटॉनच्या गणिताचं उत्तर दोन पॉइंट शून्य सात. तीन पॉइंट एकला गुण नाहीत. झालेले सगळे गठ्ठे परत उघडायचे.” हॉलमध्ये गलका झाला. कोणी पेन आपटलं. कोणी एककबाईकडे बोट दाखवलं. एक्स्प्रेसनी एक उसासा टाकला आणि आपला पहिला गठ्ठा सोडायला घेतला.

सर तिच्याजवळ आले. “तुम्ही मात्र उद्यापासून येऊ नका,” ते हळू म्हणाले. “आत्ताच सामान घ्या.”

ती चमकली. “सर?”

“पुतणी घरात राहते, हे तुम्ही पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं. बरोबर बोललात म्हणून नियम टळत नाही.” जरा थांबून ते म्हणाले, “मला हे बोलायला आवडत नाहीये, बाई.”

त्यांचं म्हणणं खरं होतं, आणि म्हणूनच जास्त लागलं. सगळा हॉल बघत असताना तिनं लाल पेन टेबलावर ठेवलं, डबा उचलला आणि बाहेर पडली.

नवऱ्याला तिनं सगळं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं, डोकं खाजवलं. “भिंगरीला?”

“निकालापर्यंत कोणालाच सांगता येत नाही. हेही बोलायला नको होतं.”

“मग आता ती रोज मार्कांची बेरीज करणार आणि आपण तोंडाला कुलूप लावून बसणार.”

तसंच झालं. भिंगरी रोज नवी बेरीज मांडायची, त्यात फोटॉनचे तीन गुण हक्कानं धरायची, आणि म्हणायची, “काकूनं बरोबर म्हटलंय म्हणजे पक्के!” एकदा न राहवून एककबाई म्हणाली, “जास्तीचं धरू नकोस गं, दोन-चार कमीच धर.” त्यावर भिंगरी दिवसभर रुसली. काकूला आपला भरवसा नाही, असं तिला वाटलं.

निकाल लागला. विमानांच्या कॉलेजची यादी भिंगरीच्या दोन गुण वरच थांबली.

दीर आणि जाऊ मुलीची समजूत काढायला आले. भिंगरी पडदे ओढून आतल्या खोलीत पडली होती. बाहेर जाऊ म्हणत होती, “कुठे गेले गुण, कळत नाही. सगळं तर बरोबर आलं होतं पोरीचं.” नवऱ्यानं एककबाईकडे पाहिलं, नको, असं डोळ्यांनी सांगितलं. पण आता ते पोटात ठेवणं तिला शक्य नव्हतं. ती आत गेली, भिंगरीला हाताला धरून बाहेर आणलं, आणि सगळ्यांसमोर झालं ते सांगितलं. दोन्ही उत्तरांना गुण द्यायची गोष्ट निघाली होती आणि आपण नाही म्हटलं, तेही.

जाऊ उठली.

“ताई, पोटची असती तर केलं असतंत का हो असं?”

“अगं!” दीर ओरडला. नवरा ताडकन उभा राहिला. एककबाईनं हात करून त्याला बसवलं. पोटची असती तर काय केलं असतं, हे तिला खरंच ठाऊक नव्हतं.

भिंगरी मात्र वेगळंच काहीतरी विचारत होती. “काचेत? प्रश्नात काचेत लिहिलं होतं?”

“हो.”

“मी फक्त चारशे बघितलं.” ती भिंतीकडे बघत म्हणाली. “आणि घरी येऊन तुला पण फक्त चारशेच सांगितलं.” मग एकदम तिचा आवाज चढला. “पण तू दोन्हीला हो म्हणू शकली असतीस काकू! सर स्वतः म्हणत होते!”

“म्हणू शकले असते.”

“मग का नाही म्हटलंस?”

एककबाईनं तिला ती मुलं सांगितली, ज्यांचं फक्त अक्षर तिनं पाहिलं होतं. भिंगरीनं ऐकलं की नाही, कळलं नाही. ती आत गेली, बॅग भरली आणि संध्याकाळी आईबापांबरोबर गावी निघून गेली. जाताना काकाच्या गळ्यात पडली. काकूला, “येते,” एवढंच म्हणाली.

पुढचे दिवस घरात फार जागा झाली. नवरा हत्यारांची पेटी उघडायचा आणि काही न काढता मिटायचा. गावाहून फोन यायचा तो दिराचा. जाऊ मागून बोलायची नाही. शाळेत बातमी पसरली होती; कोणी कौतुक करायचं, कोणी टोमणा मारायचं, आणि एककबाईला दोन्ही नको व्हायचं. मुख्य परीक्षकांचा एकदा फोन आला. पुतणीचं काय झालं, विचारलं. तिनं सांगितलं. “हं,” म्हणाले, आणि फोन ठेवला.

दिराकडून कळलं की भिंगरीनं दवाखान्यांतली यंत्रं दुरुस्त करायच्या अभ्यासक्रमाला नाव घातलंय. कॉलेज याच शहरात होतं. पण जावेनं वसतिगृहात सोय केली होती, आणि एककबाईनं त्यावर काही विचारलं नाही. विचारायचा हक्क आपला उरला नाही, असं तिनं मनाशी धरलं होतं.

कॉलेज सुरू व्हायच्या आदल्या दिवशी, दुपारी, दाराची कडी वाजली. भिंगरी ट्रंक घेऊन उभी होती, जिने चढून धापा टाकत. वाळली होती.

“वसतिगृहात तीन मुली एका खोलीत आहेत,” ती उंबऱ्याबाहेरूनच म्हणाली. “आणि त्यातली एक झोपेत बोलते.”

“मग?”

“मग काय? आईला विचारलं, इथं राहू का. ती दोन दिवस बोलली नाही. मग म्हणाली, तुझं तू बघ.” तिनं ट्रंकेवर पाय टेकवला. “पण मला अजून राग आहे तुझा. तो गेलेला नाहीये. आधीच सांगून ठेवते.”

“असू दे,” एककबाई म्हणाली. “रागानं जेवण अडत नाही ना?”

“ते नाही अडत.”

आतून नवरा आला, त्यानं ट्रंक बघितली, भिंगरी बघितली, आणि काहीच न विचारता वाकून ट्रंकेची एक कडी धरली. दुसरी कडी धरायला एककबाई पुढे झाली, तर भिंगरी म्हणाली, “तू सोड, तुझी कंबर,” आणि स्वतःच ती उचलून आत आली.